निजलेल्या पोरांचे गळे

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा, असं संपादक म्हणाले. मी बरंच आठवून पाहिलं आणि शेवटी ध्यानात आलं, की सगळी नोकरी मी एकच काम केलं. निजलेल्या पोरांचे गळे बघत बसले. त्याबद्दल पगार मिळाला, शेवटी शाल-नारळही मिळाला. घरचे अजून विचारतात, बसून बघण्यात एवढं काय होतं? त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे असं समजा.

म्हैसुरात एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं नर्सिंग होम होतं. खाली दवाखाना, वर थोड्या खाटा. तिथं मी सिस्टर होते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवायचं काम. वडिलांचे हात मनगटापर्यंत कुठल्या ना कुठल्या रंगाचे असायचे. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर जातीतल्या लोकांनी नाकं मुरडली, पण वडील म्हणाले, "जाऊ दे की. लाल रंगाला ती काय भिणार?" एवढ्यावर माझं करिअर ठरलं.

त्या काळी टॉन्सिल म्हणजे उन्हाळी पीक. शाळांना सुट्टी लागली की आमच्या जिन्यावर पोरांची रांग. वारंवार घसा दुखतो, ताप येतो, पोर घोरतं, अभ्यासात मागे आहे, अंगी लागत नाही. कशावरही टॉन्सिल काढायची पद्धत होती. एका आईनं तर मुलगा खोटं बोलतो म्हणून आणला होता. डॉक्टरांनी त्याला तसाच परत पाठवला. आता इतक्या सहज कुणी काढत नाही, आधी औषधं देऊन वाट बघतात. त्या जिन्यावरून चढलेली किती पोरं उगाच चढली असतील, असा विचार आता मनात येतो आणि बरं वाटत नाही.

ऑपरेशन डॉक्टरांचं. पुढचं सगळं आमचं. पोराला बाहेर आणलं की कुशीवर निजवायचं, छातीखाली लहानशी उशी, तोंड खालच्या बाजूला कललेलं. म्हणजे रक्त आलं तर ते तोंडातून बाहेर पडेल, श्वासात जाणार नाही. मग खाटेशेजारी स्टूल घेऊन बसायचं. मला हे काम ज्यांनी शिकवलं त्या मोठ्या सिस्टर मंगळूरकडच्या. त्या म्हणायच्या, "रडणाऱ्या पोराकडे बघू नकोस, ते चांगलं आहे. गप्प पडलंय त्याच्याकडे बघ." झोपलेलं पोर मधूनच कधीतरी एकदा गिळतं. तुम्हीही गिळता. पण ते पुन्हा पुन्हा गिळायला लागलं, तर आत काहीतरी झिरपतंय असं समजायचं. चादरीवर डाग नाही, तोंडाला लाल नाही, नातेवाईक कौतुकानं म्हणतात किती शांत झोपलंय, आणि पोटात रक्त जमत असतं. म्हणून गळ्याकडे बघत बसायचं. म्हणूनच आमच्याकडे पोरांना लाल सरबत द्यायची बंदी होती. उलटी झाली तर सरबत कुठलं आणि रक्त कुठलं, हे कसं कळणार?

घरी गेल्यावर दुसरा अंक सुरू होतो. जखमेवर पांढरी साय धरते. ती बघून बायका पू झाला म्हणून किंचाळत यायच्या. तो पू नसतो, ती जखमेची खपली. तोंडाला वास येतो, कान ठणकतो, आणि पोर गिळायला तयार नसतं. पण गिळणं हेच औषध. गार आंबील, मऊ दहीभात, तांदळाची पातळ गंजी, जे जाईल ते पोटात गेलं पाहिजे, नाहीतर घसा कोरडा पडून खपली तडकते. आठवडाभरानं खपली सुटायला लागते, तेव्हा पुन्हा रक्त येण्याची भीती असते. लोकांना वाटतं ऑपरेशन झालं, घरी आलो, संपलं. आमच्या लेखी तो आठवडा संपल्याशिवाय काही संपत नसे.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. बन्नूरचा एक उसाचा शेतकरी मुलाला घरी घेऊन गेला आणि तपासणीला परत आला तो बसच्या टपावर उसाची मोळी घालून, डॉक्टरांना भेट म्हणून. मी मुलाचं तोंड उघडलं तर दातांत उसाचे धागे. बाप म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, गोड आणि गार द्या?" ऊस सकाळी तोडलेला होता, गारच होता. त्या मुलाला काही झालं नाही. असल्या पोरांना कधी काही होत नाही.

उलट कुवेंपुनगरचे एक बँकेतले साहेब. एकुलता एक मुलगा. यांनी आठवडाभर रजा काढून स्कूटर फाटकाकडे तोंड करून लावली होती, आणि रोज सकाळी किक मारून चालू होते का ते बघायचे. गल्लीतल्या लोकांना वाटलं यांची बदली झाली. मुलगा आतून हाका मारायचा, आइस्क्रीम संपलं म्हणून. मी त्यांना हसले होते, पण मनात म्हटलं, सगळे बाप असे असते तर माझं निम्मं काम हलकं झालं असतं.

आता ज्या मुलीसाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते.

तिचं नाव रुक्मिणी, घरात रुक्कु. आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायची. पुढं शिलाईचं दुकान, मागं एक खोली, मग स्वयंपाकघर आणि परस. वडील नोकरीसाठी धारवाडकडे. घरात आई शांता आणि आजोबा रखमाजीराव. रखमाजीराव शिंपी, विठ्ठलाचे भक्त आणि शिस्तीला कडक. मधल्या खोलीत त्यांचं देवघर. दर एकादशीला तिथं भजन व्हायचं, आणि टाळांच्या गजरातसुद्धा रुक्कुचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. पण महिन्याआड घसा धरायचा, ताप चढायचा, शाळा बुडायची. डॉक्टर म्हणाले, काढलेले बरे. रखमाजीरावांनी एकच प्रश्न विचारला, "आवाज जाईल का?" डॉक्टर नाही म्हणाले, तेव्हा त्यांनी मान हलवली.

ऑपरेशन नीट झालं. मुलगी घरी गेली. आपल्या भाषेतली माणसं आणि घरही वाटेवर, म्हणून डॉक्टर म्हणाले, येता-जाता बघत जा.

पहिल्यांदा गेले तेव्हा रुक्कु मधल्या खोलीत निजलेली होती. घरात तीच खोली गार. दुकानात मशिनींचा खडखडाट, स्वयंपाकघरात धूर. बरोबरच होतं. पण आम्ही प्रत्येक पोराबरोबर थुंकायला एक इनॅमलचं वाडगं देत असू, ते उशाशी दिसेना.

"वाडगं कुठाय?" मी विचारलं.

"परसात पालथं घातलंय की," शांता म्हणाली. तिच्या तोंडावर कौतुक मावत नव्हतं. "लागलंच नाही, सिस्टर. एकदा पण थुंकली नाही. भारी शाणी आहे पोरगी. बाजूच्या घरातल्यांचं पोर बघायला पाहिजे होतं, यल्ला, सगळीकडे घाण करून ठेवलं होतं."

ऑपरेशननंतर पोरांना थुंकी गिळायला दुखतं, म्हणून ती तोंडातून गळू देतात, पदर, उशा, बापाचे खांदे भिजवतात. कोरडं वाडगं मी पहिल्यांदाच बघत होते. मी रुक्कुला विचारलं, "का ग? तोंडात आलेलं बाहेर टाकायचं नाही का?" तिनं नुसतं डोळ्यांनी देव्हाऱ्याकडे दाखवलं.

दारात रखमाजीराव उभे होते, गळ्यात टेप. "देवाच्या खोलीत थुंकत नाहीत, सिस्टरबाई," ते म्हणाले. "बोलायला लागल्यापासून शिकवलंय तिला. मी स्वतः खोकला आला तर उठून परसात जातो."

हे खरं होतं. त्यांना जुना खोकला होता, आणि भर भजनात टाळ खाली ठेवून परसात जाऊन येताना मी त्यांना पाहिलं होतं.

मी समजावून सांगितलं. अन्न गिळलंच पाहिजे, पण तोंडात काही आलं तर ते बाहेर दिसलं पाहिजे, कारण रक्त आलं तर आम्हाला कळायला दुसरा मार्ग नाही. पोरीची खाट हलवा, नाहीतर तिला सांगा की इथं चालतं.

रखमाजीराव थोडा वेळ टेपशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "सांगू की." शिंपी 'उद्या नक्की देतो' म्हणतात, त्याच सुरात. मी वाडगं परसातून आणून उशाशी ठेवलं आणि कामावर गेले. नंतरही एकदोनदा डोकावले. वाडगं तिथंच होतं, कोरडं होतं, आणि पोरगी दहीभात खात होती. माझंही लक्ष दुसऱ्या खाटांकडे गेलं.

आठवडा होत आला तेव्हा सकाळी दवाखान्यात जाताना मी पुन्हा गेले. रखमाजीरावांची पूजा चालू होती. उघड्या अंगानं, ओलं सोवळं नेसून ते देव्हाऱ्यापुढं बसले होते. तांब्याच्या ताम्हणात पितळेची छोटी विठ्ठलमूर्ती उभी करून वरून पाण्याची धार धरली होती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला रुक्कु भिंतीकडे तोंड करून पडलेली. वाडगं पुन्हा दिसत नव्हतं. पूजेआधी खोली पुसताना ते परसात गेलं होतं.

शांता हळू आवाजात म्हणाली, "सकाळपासून सुम्ने पडलीय बघा, गप्प एकदम. रडणं नाही, काही नाही. आंबील पण बेडा, नको म्हणून मान हलवली. दुखायचं कमी झालं असेल, अल्वा?"

मी खाटेशी वाकून बघितलं. गळा हलला. थांबला. पुन्हा हलला. मी तिचा हात धरला. हात गार होता आणि नाडी बारीक, पळणारी. गळा पुन्हा हलला. तिला वळवून चेहरा पाहिला. ओठांना रंग नव्हता. मी घाबरले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी स्टुलावर बसले ते समोर होतं, आणि ते दवाखान्यात नव्हतं, एका शिंप्याच्या घरात होतं.

तिला उठवून पुढं वाकवलं. "रुक्कु, तोंड उघड. थुंक. माझ्या हातावर थुंक." मी ओंजळ पुढं केली.

तिनं ओठ घट्ट मिटले. तोंडाच्या कोपऱ्यातून एक बारीक लाल रेघ खाली आली. तिनं ती मनगटानं पुसली आणि तोंडातलं गिळून टाकलं. मला दिसेल असं गिळलं. डोळे देव्हाऱ्याकडे.

शांता दारात रडायला लागली. "थुंक की ग! सिस्टर सांगतायत ना!" मी तिला परसातून वाडगं आणायला पिटाळलं आणि रुक्कुला उचलून बाहेर न्यायला बघितलं. तिनं खाटेचा गज धरला. आठ-नऊ वर्षांची अशक्त पोर, पण सोडेना. आपल्या हातून देवाच्या खोलीत काहीतरी पाप झालं आणि त्यासाठी हे ओढून नेतायत, असं तिला वाटत असणार. घशात ओली जखम असलेल्या पोराशी झटापट करायची नसते, जोर केला की रक्त वाढतं. मी हात सोडला.

"अज्जा," मी म्हणाले. एरवी मी त्यांना रखमाजीराव म्हणत असे. "रक्त येतंय, आणि ती गिळतेय. ती माझं ऐकणार नाही."

रखमाजीराव धार धरलेला हात तसाच ठेवून बघत होते. ते पूजा करताना कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. सोवळ्यात असताना ते नातीलाही शिवत नसत. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्या ओंजळीकडे बघितलं. मग ताम्हणातली मूर्ती उचलली, ओलीच, पाणी निथळत असलेली, आणि शेजारी पाटावर ठेवली. ताम्हणातलं पाणी तिथंच फरशीवर ओतून दिलं. उठून आले आणि खाटेवर नातीला लागून बसले. ताम्हण तिच्या हनुवटीखाली धरलं.

"थुंक, पुट्टी."

ती देव्हाऱ्याकडे बघायला लागली.

"तिकडं बघू नको. माझ्याकडं बघ. मी सांगतोय. ह्यात थुंक."

ऑपरेशननंतर मी तिच्या तोंडून ऐकलेला पहिला शब्द तो. घोगरा, ऐकू येईल न येईल असा. "देव?"

"तो बसलाय बाजूला," रखमाजीराव म्हणाले. "थांबतो तो."

मग ती थुंकली. तांब्यावर लाल रंग नीट उठून दिसत नाही, हे रंगाऱ्याच्या मुलीला कुणी सांगायला नको. तरी दिसला. ताजा, भरपूर, आणि त्यामागून काळ्या गुठळ्या. मला त्या क्षणी बरं वाटलं, असं लिहिलं तर विचित्र वाटेल. पण बाहेर आलेलं रक्त दिसतं, त्याचं काही करता येतं.

कोपऱ्यावरचा टांगा शांतानं बोलावला. रखमाजीराव त्याच ओल्या सोवळ्यात, उघड्या अंगानं, अनवाणी बसले. मांडीवर रुक्कु पुढं वाकून, तिच्या तोंडाखाली ताम्हण. टांगेवाला मागं वळून वळून बघत होता. वाटेत प्रत्येक वेळी ती थांबली की आजोबा म्हणायचे, "थुंक, पुट्टी. स्वल्प अजून." एरवी त्याच आवाजात ते तिला भजनाची पुढची ओळ सांगायचे.

डॉक्टरांनी गुठळी काढली, औषधात भिजवलेला बोळा जखमेवर दाबून धरला, सलाइन लावलं. बराच वेळ त्यांचा हात तसाच होता. मध्येच रुक्कुला मोठी उलटी झाली आणि सगळं गिळलेलं बाहेर आलं. शेवटी रक्त थांबलं. हात धुताना त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. ते कमीच बोलायचे, आणि मला तेवढं पुरत असे. खाली बाकावर रखमाजीराव बसून होते. मी खाली जाऊन सांगितलं, थांबलं म्हणून. त्यांनी विचारलं, "गिळायची थांबली?" आवाजाबद्दल या वेळी काही विचारलं नाही.

पुढं मी पोरं घरी पाठवताना एक प्रश्न जास्त विचारायला लागले: निजवणार कुठं? माणसं गोंधळून बघायची. खाटेवर, म्हणायची. मी म्हणायचे, खाट कुठल्या खोलीत, आणि त्या खोलीचे नियम काय? कुणाच्या घरी नवा गालिचा निघायचा, कुणाच्या घरी रागीट काका. शहाण्या पोरांची मला भीती वाटते, ती तेव्हापासून. आता ही कामं करायला कुणी घरोघर जात नाही. फोन नंबर देतात. फोनवर गळा दिसत नाही, एवढंच माझं म्हणणं.

रुक्कु बरी झाली. खोली बदलली नाही. तीच मधली खोली, पण वाडगं आता आजोबा स्वतः उशाशी ठेवायचे, देव्हाऱ्यासमोर, सगळ्यांना दिसेल असं.

महिनाभरानं एकादशी आली. शांता बोलवायला आली म्हणून भजनाला गेले. भजन सुरू व्हायचं होतं, माणसं जमत होती. रुक्कु टाळ घेऊन पुढं बसलेली, गाल जरा भरलेले. देव्हाऱ्यापुढं ताम्हण होतं. मी बघितलं, तेच होतं, काठाला एका बाजूला पोचा होता तो ओळखीचा. मी बघतेय हे रखमाजीरावांनी पाहिलं.

"नवीन घ्या म्हणाले सगळे," ते म्हणाले. "मी म्हटलं, कशाला? चिंच लावून घासलंय."

त्यांनी पळीनं त्यातलं तीर्थ माझ्या हातावर घातलं. विहिरीचं पाणी, वर तुळशीचं पान. घरोघरी पाणी उकळून प्या म्हणून सांगत फिरणारी बाई मी. कुणाच्याही घरी तीर्थ दिलं की हात ओठांजवळ नेते आणि हळूच पदराला पुसते, ही माझी जुनी खोड. सगळ्या नोकरीत ती कुणाला कळली नाही.

त्या दिवशी प्यायले.